तीनशे अकरा रिकामे रकाने

पद्मिनीकाकू दिवसाला बावीस फॉर्म करायच्या. शेजारच्या टेबलांवरची अमेरिकन मुलं चाळीस करत, परीक्षा संपून मोकळी असली की पन्नाससुद्धा. किती झाले आणि किती उरले हे प्रोफेसरांना दर शुक्रवारी सांगायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे हा बावीसचा आकडा माझ्या डोक्यात जायचा. "काकू, जरा स्पीड वाढवता येईल का?" असं मी तीनदा नम्रपणे विचारलं होतं. तिन्ही वेळा त्या "बघते हं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी बावीसच केले.

ही २००४ सालची गोष्ट, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावची. मी पुण्याचा. राहुरीला बीएस्सी ॲग्री केलं आणि इथल्या विद्यापीठात शेतीच्या अर्थशास्त्रात पीएचडी करायला आलो. तेव्हा माझं पाचवं वर्ष चालू होतं. तिघांत एक अपार्टमेंट, कॅम्पसची बस, आणि तुरीची डाळ संपली की गाडीवाल्या कुणाची तरी मनधरणी, असं ते आयुष्य. काकू आमच्या डिपार्टमेंटमध्ये तासांवर काम करायच्या. त्यांचे यजमान अरुणकाका केमिस्ट्रीवाल्यांसाठी काचेची उपकरणं फुंकून बनवत. ही विद्या ते पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत शिकले होते, आणि तिच्याच जोरावर एक्क्याण्णव साली इथे आले. मुलगी सिया हायस्कूलला. काकू स्वतः मराठी घेऊन बीए. अर्थशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि त्या खाडे करत नसत.

त्यांचं माहेर सांगोल्याचं. बहात्तरच्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या. वडील शाळेत शिपाई, घरात पाच मुलं आणि आजी. रेशनवर तेव्हा अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात काकूंना एका दुकानात पाखरांच्या दाण्याच्या पिशवीत तीच मिलो दिसली. "मी ह्यांना म्हटलं, अहो, ही आम्ही खाल्लीय. तर हे म्हणाले, ही इथे पाखरंसुद्धा बाकीचं संपल्यावरच खातात!" हे सांगताना त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही, पण मी हसायचो.

आता प्रोजेक्टचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आफ्रिकेतला एक देश. नाव लिहीत नाही, तशी सही करून दिली आहे. बाहेरच्या संस्थांनी घातलेल्या अटींप्रमाणे तिथल्या सरकारने २००२ साली धान्यावरची सबसिडी काढून घेतली. अर्थव्यवस्थेची घडी नीट बसावी म्हणून हे करावं लागतं, असं आमच्या पुस्तकांत असतं. तीन कोरड्या जिल्ह्यांत मदतीचं धान्य वाटणं तेवढं चालू होतं. ते पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं हे मदत देणारी संस्था सप्टेंबरात ठरवणार होती, आणि ठरवताना आमचा अहवाल पुढ्यात घेणार होती. प्रश्न साधा होता. सबसिडी गेल्यावर लोक जास्त उपाशी राहायला लागले का?

त्यासाठी अठराशे घरांत दोनदा पाहणी झाली होती, एकदा २००१ मध्ये आणि एकदा २००३ मध्ये. घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल विचारलेलं असे, काल सकाळी जेवलात का, दुपारी जेवलात का, संध्याकाळी जेवलात का, आणि जेवला नसाल तर का. उत्तर सर्वेक्षक शब्दांत लिहून आणत. तिथेच त्याचं इंग्रजी होई, आणि आमच्याकडे त्या शब्दांचा आकडा करायचा. आजारी असेल तर एक, गावाला गेलेला असेल तर दोन, घरात काही नव्हतं तर तीन, उपास असेल तर चार. घरात किती धान्य शिल्लक दिसलं याचाही एक रकाना होता. मुलं कारणाचा शब्द बघून आकडा मारत आणि पान उलटत. काकू आलेलं पत्र वाचावं तसा आख्खा फॉर्म वाचत. म्हणून बावीस.

यातला चारचा नियम माझा होता, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. माझ्या गाइड डॉ. ब्रेनर उपास म्हणजे न जेवणंच धरून चालल्या होत्या. मी त्यांना समजावलं, की आमच्याकडच्या बायका उठसूट उपास करतात, त्यांना भुकेल्यांत धरलंत तर आकडे फुगतील. आमच्या घरी उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि दुपारची झोप. एकादशी आणि दुप्पट खाशी! तेव्हा ज्या बाईपुढे चार आकडा आहे तिचा तो दिवस हिशेबातून वगळायचा, असं मी कोडबुकात, म्हणजे आकड्यांच्या नियमांच्या वहीत, लिहिलं. डॉ. ब्रेनर खूश झाल्या. त्या भागाची माहिती असलेला विद्यार्थी असण्याचा हा फायदा, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. तो देश मुसलमानांचा, मी पुण्याचा, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

तोवर झालेल्या फॉर्मांवरून या नियमाने निकालही छान येत होता. शंभरातल्या अकरा बायका आधी उपाशी होत्या, सबसिडी गेल्यावरही अकराच. म्हणजे फरक नाही. याच निकालावर मला वॉशिंग्टनच्या एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं, त्याआधी पीएचडी हातात हवी. मी घरी फोन करून पेढे वाटायला सांगून टाकलं होतं.

एप्रिलमध्ये मी २००३ चे फॉर्म कॉम्प्युटरवर तपासायला घेतले, तर तीनशे अकरा बायकांपुढे कारणाचा रकाना रिकामा. सगळे फॉर्म काकूंचे. मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"काकू, हे काय? कोडबुकमध्ये क्लिअरली लिहिलंय ना, रीझन फास्टिंग असेल तर फोर टाका."

"वाचलंय मी ते."

"मग?"

"मला पटलं नाही. म्हणून नाही टाकला."

तासांवर काम करणाऱ्या बाईला माझा नियम पटत नाही! माझा पारा चढला. मी म्हटलं, पटायचा प्रश्नच नाही, आजच्या आज भरून टाका. त्यांनी शांतपणे एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. तिसऱ्या ओळीत घरातली सून. सकाळी उपास, दुपारी उपास, संध्याकाळी उपास.

"मुसलमान आहेत ना हे लोक? रमजान असो नसो, रोजा संध्याकाळी सुटतो. आमच्या गल्लीत तांबोळ्यांचं घर होतं, मला माहितीय. मग हिचा का सुटला नाही?"

आमच्याकडे एकादशी दुसऱ्या दिवशी सोडतात, म्हणून रात्रीचा रिकामा रकाना मला कधी खटकलाच नव्हता. पण लगेच हार मानायचा माझा स्वभाव नाही. सर्वेक्षकाने आळस केला असेल, म्हटलं. सकाळी जे लिहिलं तेच खाली ओढलं असेल. काकू म्हणाल्या, "मग त्याच पानावर नवऱ्याचं, सासूचं, मुलांचं जेवण नीट वेगवेगळं कसं लिहिलंय? आणि ज्या घरात धान्य शिल्लक आहे तिथल्या बायकांचे रोजे बरोबर संध्याकाळी कसे सुटतात?" मला फक्त ऑगस्ट दिसत होता.

"शैलेंद्र," त्या म्हणाल्या, "तुला एक सांगू? हे फॉर्म वाचायला लागल्यापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. माझी आई बहात्तर साली असेच उपास करायची. शनिवार, मंगळवार, कधीही. मी शाळेत फुशारकी मारायचे, माझ्या आईएवढं देवाचं कुणाचीच आई करत नाही म्हणून. चव्वेचाळीस वर्षांची झाले मी. मला आजवर कधी शंकासुद्धा आली नाही रे."

मी डॉ. ब्रेनरना जाऊन सांगितलं. त्यांनी फॉर्म पाहिले, बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, आळस असू शकतो, भूक असू शकते. प्रबंध तुझा आहे, काय मानायचं ते तू ठरव आणि त्याचं समर्थन कर. नियम बदलायचा तर २००१ चे अठराशे आणि २००३ चे काकूंनी न केलेले सगळे फॉर्म पुन्हा उघडावे लागणार होते, कारण ते मुलांनी भराभर आकडे मारून संपवले होते. म्हणजे उन्हाळा गेला. म्हणजे पीएचडी पुढच्या वर्षावर. म्हणजे वॉशिंग्टन विसरा.

आठवडाभर मी तळ्यात-मळ्यात करत राहिलो. मग मला एक युक्ती सुचली, आणि तिची मला आजही लाज वाटते. मी काकूंना म्हटलं, आई आहेत ना तुमच्या? त्यांनाच विचारा. मला खात्री होती, की म्हातारी उपासच होता म्हणून सांगेल. देवाधर्माची बाई दुसरं काय सांगणार? एकदा तिने तसं सांगितलं की काकूंची शंका फिटेल, रकान्यांत चार पडेल आणि मी सुटेन.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तिकडे संध्याकाळ होती. अरुणकाका बाहेर गवत कापत होते. सियाने कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर दाबला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून खणखणीत आवाज आला. वय त्र्याहत्तर, पण आवाजात कुठे कंप नाही. तब्येत, पाऊसपाणी, नातवाची दहावी हे सगळं झालं. मग काकूंनी विषय काढला.

"आई, बहात्तर सालच्या दुष्काळात तू शनिवारचा उपास धरायचीस ना गं?"

"धरत हुते की. मारुतीचा."

"आणि मंगळवारी?"

"देवीचा."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी बी असायचा."

"बुधवारी कुणाचा गं?"

"असंल कुणाचा तरी. आता काय ध्यानात हाय?"

"आई, खरं सांग. घरात पुरत नव्हतं, म्हणून ना?"

"न्हाई गं बाई." आवाज एकदम चढला. "कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? उपासच हुता. म्हंते ना, उपासच हुता!"

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, वाटलं. मी काकूंकडे बघितलं, म्हणजे आता मिटलं ना, अशा अर्थाने. त्या फोनकडेच बघत होत्या. तेवढ्यात पलीकडून पुन्हा आवाज आला. या वेळी हळू होता.

"का गं पद्मा? तुमी सगळी जेवत हुता ना तवा? का कुणी उपाशी ऱ्हायलं हुतं?"

काकू म्हणाल्या, "नाही आई. आम्ही सगळे पोटभर जेवायचो."

"मग झालं तर," म्हातारी म्हणाली.

फोन ठेवल्यावर काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून रडल्या. सिया गोंधळून गेली. "मॉम, व्हाय वुड शी लाय अबाउट दॅट? इट्स बीन थर्टी यर्स!" काकूंनी पदराने डोळे पुसले, आणि उत्तर तिला न देता मला दिलं. "पोटच्या मुलीला बत्तीस वर्षांनी सांगत नाही ती. मग कागद घेऊन दारात आलेल्या परक्या मुलाला तिथली बाई सांगेल का रे?"

मी चहा न घेताच निघालो. बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. रविवारच्या बस तासातासाने असतात, त्यावरून माझी अवस्था काय होती ते समजा. माझ्या आईचे उपास मला आठवत होते, ताटभर. मला वाटलं होतं, की उपास म्हणजे काय ते जगात मला कळतं.

सोमवारी मी नियम बदलला. वॉशिंग्टनला पत्र लिहून ऑगस्टमध्ये येता येत नसल्याचं कळवलं. त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत दुसरा माणूस घेतला. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "तोंडचा घास घालवलास." मी म्हटलं, "हो." यापेक्षा जास्त समजावून सांगणं फोनवर जमण्यासारखं नव्हतं.

उन्हाळाभर मी आणि काकू मुलांनी केलेले ते सगळे फॉर्म उघडत बसलो. संध्याकाळीही जिचा उपास सुटलेला नाही आणि घरात धान्य नाही, अशी प्रत्येक बाई आम्ही वेगळी काढली. काकूंनी तेव्हाही वेग वाढवला नाही. मीच बाविसावर आलो. शेवटी जे आकडे हाती आले ते असे: सबसिडी काढण्याआधी शंभरातल्या तेरा बायका उपाशी होत्या, नंतर सव्वीस. पुरुषांच्या आकड्यात मात्र काही फरक नव्हता, मुलांच्या किंचित. डॉ. ब्रेनर यांनी दोन्ही तक्ते अहवालात शेजारी शेजारी छापले, माझा जुना आणि आमचा नवा, आणि खाली लिहिलं की या दोहोंतल्या फरकाकडे पद्मिनी यांनी लक्ष वेधलं. काकूंनी ते पान झेरॉक्स करून सांगोल्याला पाठवलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "काय म्हणून पाठवू?"

मी पंचवीस मे २००५ ला पीएचडी झालो आणि ॲन आर्बरला एका लहानशा नोकरीवर आलो. अजून तिथेच आहे. यंदा, २००८ साली, धान्याचे भाव जगभर भडकले तेव्हा आमचा तो अहवाल पुन्हा दोन-तीन ठिकाणी निघाला, लोकांनी मला मेल पाठवून पद्धत विचारली. मी प्रत्येकाला सांगतो, की पद्धत माझी नाही, स्टेट कॉलेजच्या एका बाईंची आहे. त्या कुठे प्रोफेसर आहेत, असं ते विचारतात.

पण सप्टेंबर २००४ मध्ये काय झालं ते सांगायचं राहिलं. मदत देणाऱ्या संस्थेने अहवाल वाचला आणि दोन जिल्ह्यांतलं धान्य चालू ठेवलं. पत्र आलं तेव्हा मी धावत काकूंच्या टेबलापाशी गेलो. दोन जिल्हे म्हणजे थोडकं नाही! मला वाटलं त्या हसतील. त्यांनी विचारलं, "आणि तिसरा?"

तिसऱ्यात आकडा वाढलेला दिसत नव्हता. तिथे दिवसभराचा उपास सांगणाऱ्या बायका जेमतेम नऊ निघाल्या होत्या. मी तसं सांगितलं. काकू उठल्या, कपाटातून त्या जिल्ह्याचा गठ्ठा काढला आणि खुर्चीत बसून वाचायला लागल्या. मी माझ्या कामाला लागलो. दीड तासाने त्यांनी मला हाक मारली.

"अरे, इथेही घरात धान्य नाहीच. पंधरा घरं बघितली. नवऱ्याचं जेवण अर्धं, मुलांचं अर्धं. आणि बाईपुढे तिन्ही वेळा लिहिलंय, जेवले."

"जेवल्या असतील, काकू."

"कशातून?"

मी म्हटलं, "काकू, उपास म्हटलं असतं तर काही करता आलं असतं. त्यांनी जेवले म्हणून सांगितलंय. आपण ते खोडू शकत नाही."

"नाही ना," काकू म्हणाल्या. त्यांनी गठ्ठा परत नीट बांधला. त्या दिवशी त्यांनी एकही फॉर्म केला नाही. तिसऱ्या जिल्ह्यातलं धान्य जानेवारीत बंद झालं.